चवीपुरतं

आईनं गाईबैलाचं मांस सोडलं त्याला एकवीस वर्षं झाली.
वुतला मेंदूज्वर झाला होता.
उबोनच्या इस्पितळात, जिन्याच्या वळणावर उभी राहून
ती क्वान इम देवीला म्हणाली,
हा उठून बसू दे, मी बैलाला तोंड लावणार नाही.
चौथ्या दिवशी तो उठून बसला
आणि पहिलं काय मागितलं,
तर नामतोक.

नामतोक म्हणजे धबधबा.
निखाऱ्यावर मांसाचा रस ठिबकतो, चर्र होतं, धूर डोळ्यात जातो,
एवढाच आमचा धबधबा.

तेव्हापासून आई करते
आणि मी चाखते.
मी सात वर्षांची होते, पाटावर उभी राहायचे.
ती विचारायची, आंबट कुठे लागतंय?
जिभेच्या कडेला की कानाखाली?
कानाखाली.
मग अर्धं लिंबू बास.
तिखट लगेच येतंय की मागून?
मागून, दार न वाजवता.
हं, ती म्हणायची, आणि फिश सॉसची बाटली
बुचावर अंगठा ठेवून उलटी करायची.
चार थेंब. कधी पाच.

असं करत करत माझ्याकडे आंबटासाठी
अकरा शब्द जमले. शाळेत त्यांना मार्क नव्हते.

आज वुत येतोय, तैवानहून, पाच वर्षांनी,
आणि माझं नाक चोंदलंय.
सकाळी कॉफी प्यायले, गरम होती इतकंच कळलं.

सांगायचं टाळलं मी.
चिकट तांदूळ कढईत कोरडे भाजले,
कुळिंजनाची चकती आणि लिंबाचं पान घालून,
ती म्हणाली, वास आला की उतरव.
मी रंगावर उतरवले.
खलबत्त्यात कुटले, जाडसर, दाताखाली यावेत असे.
छोटे लाल कांदे चिरले. डोळ्यात पाणी आलं,
म्हणजे डोळे तरी चालू होते.

चरबीची कड असलेला तुकडा तिनं शेगडीवर टाकला,
एकदाच उलटला,
मग केळीच्या पानावर ठेवून दिला, दमू दे म्हणाली.
धाग्याला आडवा कापला. आत अजून गुलाबी.
पानात साठलेला रस तिनं नेहमीसारखा लिंबात ओतला.
त्या क्षणापासून वाडगा तिला वर्ज्य.

चमचा माझ्यापुढे आला.

मी चाखलं. ओलं होतं.
कुठे लागतंय? तिनं विचारलं.
मी अकराही शब्द उघडून पाहिले.
आई, मला सर्दी आहे.

ती माझ्याकडे बघत राहिली,
जसं एखादं माणूस वीज गेल्यावर
दिव्याच्या बटणाकडे बघतं.
फडताळावर देवी होती, पांढरी, चिनीमातीची,
हातात तिचा तो पाण्याचा बुधला.
बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज.

मग आईनं चमचा काढून घेतला,
ठेवून दिला,
आणि बोटांनी कालवायला लागली.
पुदिना, कांदा, करवती कोथिंबीर, मिरचीची भरड.
तांदळाची पूड चिमटीतून सोडताना ती कान देऊन ऐकत होती,
काय ऐकत होती देव जाणे.
थेंब मोजलेच नाहीत.

वुत जाडा झालाय. चपला अंगणात एकावर एक काढल्या,
चिकट भाताचा गोळा वळला, बुडवला,
आणि गप्प.
दुसरा गोळा. कोबीचं पान. चवळीची कच्ची शेंग कडकन.
आम्ही दोघी त्याच्या जबड्याकडे बघत होतो.

खारट झालंय, तो म्हणाला,
आणि वाडगा स्वतःकडे ओढला.

आई हसली. इतकी हसली की
पदर नसलेल्या तिच्या टीशर्टाची बाही
तिला डोळ्यांना लावावी लागली.
एकवीस वर्षांत पहिल्यांदा चुकले, म्हणाली,
माझं मी.

रात्री भांडी घासताना पाहिलं,
ती बोटांचा वास घेत होती.
साबण लावायच्या आधी.
मी नळ सोडला नाही.